मागच्या दारापाशी जागा

१

दादा गेला आणि धाकट्यानं सायकल जिन्याखाली लावून टाकली. आता तो दादाच्याच बसनं कारखान्यात जायचा आणि तिनंच परतायचा. शेजारपाजारचे म्हणाले, पोराच्या पायातलं बळच गेलं. तसं काही नव्हतं. धाकट्याला त्या बसमधली माणसं जवळून बघायची होती.

दादा त्याच बसमध्ये गेला होता. संध्याकाळी कामावरून परतताना, मागच्या दाराजवळच्या दांड्यापाशी, उभ्याउभ्या. काळीज थांबलं, पण गर्दी अशी की पडायलाही जागा नाही. शेवटचा थांबा जवळ आला, माणसं उतरून गेली, तेव्हा कुठं तो दांड्यावरून घसरत खाली बसला. डॉक्टर म्हणाले, अर्धी वाट तरी तो मेलेलाच उभा होता. वेळेवर कुणी उतरवून आणलं असतं तर, असं धाकट्यानं विचारलं. डॉक्टर हात धूत होते. ते म्हणाले, "तर कदाचित."

त्या 'कदाचित'नं धाकट्याचं डोकं कुरतडायला घेतलं. मेलेल्याला चौघं खांदा देतात. दादाला अख्ख्या बसनं खांदा दिला आणि एकालाही पत्ता नाही, हे त्याला पटेना. एकाला तरी कळलं असणार. त्या एकानं तोंडानं कबूल करावं, एवढंच त्याला हवं होतं. पुढचं पुढं. तसाही त्याचा हात आधी चालायचा आणि डोकं मागनं रखडत यायचं.

म्हणून तो बघत राहिला, आणि जितकं बघितलं तितकी किळस वाढत गेली. कुणी कान कोरून बोट सीटच्या पाठीला पुसतोय. कुणी दुपारच्या जेवणाची ढेकर पुढच्याच्या मानेवर सोडतोय. खिडकीच्या काचांवर डोक्यांच्या तेलाचे गोल, एकावर एक, वर्षानुवर्षांचे. वरची दांडी धरावी तर आधीच्याचा कोमट घाम तळहाताला चिकटणार. खाली उभे असतात तोवर हीच माणसं म्हणतात, सरका की जरा, आम्हालाही घरी जायचंय. एकदा पाय टेकला की म्हणतात, जागा नाही, मागच्या बसनं या. म्हातारं माणूस चढलं की बसलेल्यांना गाढ झोप लागते आणि स्वतःचा थांबा आला की बरोब्बर जाग येते.

त्यांची एक रीतही धाकट्याच्या ध्यानात आली. उभ्यानं पेंगणारा कुणी अंगावर कलंडला तर त्याला उठवायचं नाही, बोलायचं नाही, त्याच्याकडं बघायचंही नाही. खांदा जरासा उचलायचा आणि तो भार शेजाऱ्याकडं सरकवायचा. शेजारी त्याच्या शेजाऱ्याकडं सरकवतो. कुणी शिकवलेलं नाही, पण सगळ्यांना येतं. पेंगणारा माणूस असा हातोहात फिरत राहतो आणि आपापल्या थांब्यावर उतरणाऱ्यांना त्याचं तोंडसुद्धा आठवत नाही.

२

धाकटा आणि दादा दोघंही बाटल्या धुण्याच्या कारखान्यात. दादा धुण्याच्या हौदावर, धाकटा उजेडापुढं. म्हणजे असं की, धुतलेल्या रिकाम्या बाटल्या पट्ट्यावरून एकामागोमाग एक येतात, मागं पांढरा दिवा असतो, आणि समोर स्टुलावर बसून नुसतं बघायचं. आत झुरळ राहिलंय, विडीचं थोटूक चिकटलंय, कुणी आत थुंकलेलं धुऊनही सुटलेलं नाही, अशी बाटली उचलून बाजूला टाकायची. शाळेत धाकट्याला फळ्यावरचं काही दिसायचं नाही, पण इथं त्याची नजर बसली होती. तो एकेक बाटली बघायचाच नाही. सगळी रांग सैल नजरेनं बघायचा, आणि जी बिघडलेली असेल ती आपोआप डोळ्यात खुपायची.

बसमध्ये त्याला तसंच खुपलं.

ड्रायव्हरनं ब्रेक मारला. सगळी गर्दी पुढं गेली आणि मागं आली, ताटातलं पाणी हिंदकळावं तशी. पण मागच्या दाराजवळच्या दांड्यापाशी ती हिंदकळली नाही. तिथं एका माणसापुरती जागा होती. सगळे एकमेकांच्या बगलेत नाकं खुपसून उभे होते, दारात दोघंजण एका पायावर लटकत होते, आणि तिथं मोकळी फरशी.

धाकट्याला वाटलं, कुणीतरी ओकलं असणार. बसमध्ये माणसं आपणहून सरकतात ती फक्त ओकारीला. त्यानं कुणाच्या तरी कोपराखालून वाकून बघितलं. फरशी कोरडी होती. पान नाही, थुंकी नाही, काही नाही.

मग त्यानं त्या जागेभोवतीची माणसं बघितली. एका कारकुनाच्या शर्टाची बाही दंडावर सपाट दाबली गेली होती, घडी पडली होती, जसं समोरून कुणी टेकलंय. एका बाईनं आपली पिशवी आखडून पोटाशी धरली होती, शेजारच्याला लागू नये म्हणून धरतात तशी. आणि शेजारी कुणी नव्हतं.

३

दुसऱ्या दिवशी त्यानं कंडक्टरला धरलं. मास्तर, मागं जागा असताना तुम्ही दारात माणसं लोंबकळू देता, असं म्हणाला. कंडक्टर गेली कित्येक वर्षं त्याच रस्त्यावर होता, पोट पुढं आणि आवाज त्याच्याही पुढं. तो म्हणाला, कुठली जागा, मला दाखव, मी स्वतः तिथं खुर्ची टाकून बसतो. आजूबाजूचे हसले. धाकट्यानं बोट दाखवलं. कंडक्टरनं तिकडं बघितलं, आणि त्याच्या तोंडावरचं हसू मावळलंही नाही आणि राहिलंही नाही. तिकिटाची पेटी छातीशी घेऊन तो त्या बाजूला गेला. मोकळ्या फरशीपाशी पोचला तेव्हा पोट आत ओढून, अंग आडवं करून, भिंतीला घासत पलीकडं निघाला. माणसाला बगल देऊन जावं तसा.

धाकट्यानं स्वतःला समजावलं. सवय असते माणसाची. रोज जिथं कुणी उभं असतं तिथून पाय आपोआप वळतात. अंधारात आपणसुद्धा घरातल्या काढून टाकलेल्या कपाटाला वळसा घालतो. हे पटण्यासारखं होतं. तरी त्याचा हात राहीना. पुढच्या थांब्याला धक्का बसला तशी त्यानं संधी साधली आणि दोघांच्या मधून हात त्या जागेत घातला.

बोटांना काही लागलं नाही. नुसती हवा होती, पण शिळी. बंद डबा उघडल्यावर येते तशी.

"अहो, जरा नीट," पिशवीवाली बाई म्हणाली. "त्यांना उभं तरी राहू द्या."

"कुणाला?"

बाईनं मान वळवली. दांड्याकडं बघितलं. तिचं तोंड उघडलं, मिटलं, आणि ती खिडकीकडं वळली. उतरेपर्यंत तिनं बाहेरची दुकानं अशी बघितली, जशी आयुष्यात दुकानं बघितलीच नव्हती.

४

घरी वहिनीनं ताट वाढून ठेवलं होतं. ती शिवणाच्या मशीनवर बसली होती, पण पाय हलत नव्हते. दादा असताना ती याच वेळी त्याला टाकून बोलायची. बसमध्ये लोकांना जागा देत सुटता आणि घरी येऊन माझ्याकडून पाय चेपून घेता, असं म्हणायची, आणि चेपायची.

धाकट्यानं तिला जागेबद्दल सांगितलं नाही. एवढंच म्हणाला की अजून कुणी सापडलं नाही.

वहिनी उठली. कपाटातून कागदात गुंडाळलेला शर्ट काढून तिनं त्याच्यापुढं पलंगावर पसरला. दवाखान्यातून मिळालेला, दादाचा, न धुतलेला. "भावजी, मी हे दाखवणार नव्हते," ती म्हणाली. "पण तुमचं खूळ जात नाही."

डाव्या बाहीवर तेलाचा डाग होता. दादा डोक्याला तेल लावायचा नाही. छातीवर लालसर ठसा, ओठांचा असावा, चुकून टेकलेल्या. पाठीवर कुणाच्या तरी घामाचं मोठं वर्तुळ वाळून पांढरं झालेलं. बाहीलाच खाली कुणी बोटं पुसली होती. आणि उजव्या खांद्यावर एक डाग होता, कडक, चमकणारा, गोगलगाय चालून गेल्यासारखा. त्याला पावडरचा वास येत होता.

"लाळ आहे," वहिनी म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही. "कुणीतरी झोपलं होतं यांच्यावर."

घास तोंडातच राहिला, ना गिळवे ना टाकवे. वहिनी शर्टाची घडी घालत म्हणाली, ती बस सोडा, सायकल काढा. माणूस गेला तो गेला. सापडला कुणी तर काय करणार आहात?

"थोबाड फोडीन."

"आणि मग?"

धाकट्यानं ताट बाजूला सारलं. वहिनीनंच शेवटी सांगितलं की तिला फक्त एक गोष्ट कळायला हवी, त्यांना कुणी बघितलं होतं की नाही. गर्दीत कुणाला कळलंच नसेल तर ती झोपेल. कळूनही सोडलं असेल तर ती कशी झोपणार, हे तिलाच माहीत नव्हतं.

५

पावडरचा वास धाकट्याला ओळखीचा होता. बसमध्ये एक माणूस होता, मानेपर्यंत पावडर थापलेला, घामानं तिचे ओघळ झालेला. नाव काय देव जाणे, धाकटा त्याला मनातल्या मनात पावडरवाला म्हणायचा. तो रोज मागच्या दारापाशीच उभा राहायचा आणि रोज पेंगायचा.

त्या संध्याकाळी धाकट्यानं दुसरीकडं कुठं बघितलंच नाही. पावडरवाला मोकळ्या जागेच्या कडेला उभा होता. बस सुटली. त्याचे डोळे मिटले. मान हळूहळू कलली, आणि एका ठिकाणी थांबली. गालाचं मांस वर सरकून डोळ्याखाली जमा झालं, उशीवर जमा होतं तसं. ओठांच्या कोपऱ्यात ओल आली. तो असा तिरका, कशावरही न टेकता, गाढ झोपला होता. बस वळली, खड्ड्यातून गेली, तरी मान जागची हलली नाही.

त्याच्या थांब्याला धाकटा त्याच्या मागोमाग उतरला आणि कॉलर धरूनच बोलायला लागला. माझा भाऊ तुझ्या शेजारी उभा होता. पावडरवाल्यानं आधी नेहमीचं पुराण लावलं. गर्दी किती असते, कोण कुणाकडं बघतो, दमूनभागून आलेला माणूस डोळे मिटणारच. धाकट्यानं कॉलर पिळली.

"मला वाटलं प्यायलाय," पावडरवाला म्हणाला. "सगळ्यांनाच तसं वाटलं. माझ्याकडून तिकडं गेला, तिकडून परत माझ्याकडं आला. मग मी राहू दिला."

"का राहू दिला?"

पावडरवाल्यानं ओठ चाटले. खरं बोलताना माणूस लाजतो तसा लाजला.

"उकाडा किती होता हो त्या दिवशी. आणि तो गार होता. जरा टेकलो तर बरं वाटलं. डोळाच लागला माझा."

धाकट्यानं कानाखाली वाजवली. हाताला पावडर आणि घामाचा लगदा लागला. थांब्यावर बरीच माणसं होती. एकानंही मध्ये तोंड घातलं नाही. सगळ्यांच्या माना एकदम, एकाच बाजूला वळल्या, जिकडून बस येते तिकडं.

पावडरवाला चिडलासुद्धा नाही. गाल धरून हळू आवाजात म्हणाला, "मारा. तुमचा भाऊ होता, तुम्हाला हक्क आहे. पण तिथं अजून गार लागतं. आम्ही दोघंतिघं तर त्या कडेला जागा मिळावी म्हणून आधीच्या थांब्यावर येऊन चढतो."

धाकट्यानं हात पँटला पुसला. परत पुसला. गेलं नाही.

६

आता कबुली मिळाली होती. खरं तर इथं संपायला हवं होतं. पण दादा अजून तिथंच उभा असेल, आणि ही माणसं त्याला रोज अशी वापरत असतील, हे मनात आलं आणि धाकट्याचं टाळकं फिरलं. असेल की नसेल, याचा विचार त्यानं केलाच नाही. तिथं जायचं, दादा म्हणून हाक मारायची, त्याच्याकडं नीट बघायचं. कुणीतरी एकदा बघायला हवं. मग त्याला घेऊन उतरायचं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बस खचाखच भरून आली. धाकट्यानं कोपरं चालवली, शिव्या खाल्ल्या, एकाच्या पायावर पाय दिला, आणि त्या मोकळ्या फरशीवर जाऊन उभा राहिला. भोवतालची माणसं कुरकुरली नाहीत. फक्त जरा जरा सरकली. दोघांना जागा करावी तशी.

बराच वेळ काही झालं नाही. समोरच्याच्या मानेवर पिकलेली पुटकुळी होती, ती प्रत्येक धक्क्याला त्याच्या नाकाजवळ यायची. कुणीतरी शिंकलं, त्याचे तुषार गालावर बसले. धाकट्याला वाटलं, आपण मूर्ख आहोत. दादा मातीत आहे. हे लोक घाणेरडे आहेत आणि आपण दुःखानं येडे झालो आहोत, एवढाच काय तो प्रकार.

ब्रेक लागला. सगळे पुढं गेले, मागं आले. आणि मागं येताना त्याच्या उजव्या खांद्यावर भार आला.

एकदम नाही. झोपाळू माणसाचा येतो तसा, आधी थोडा, मग विश्वासानं सगळा. शर्टातून गारवा आत झिरपला, विहिरीच्या दगडाचा असतो तसा. कानाच्या पाळीला काहीतरी खरखरीत लागलं. त्या खरखरीत गालाला हौदातल्या, बाटल्या धुण्याच्या सोड्याचा वास होता. श्वास मात्र नव्हता. धाकटा वाट बघत राहिला, आता येईल, आता येईल, पण मानेवर श्वास आला नाही.

फक्त मान वळवायची होती. एवढंच तर तो सगळ्यांकडून मागत होता.

त्यानं समोर बघितलं. स्टीलच्या दांड्यात सगळ्यांची तोंडं लांबट, बोटाएवढी अरुंद होऊन दिसत होती. त्यात त्याचं स्वतःचं होतं. त्याच्या खांद्यावर आणखी एक होतं, तोंड अर्धवट उघडं. डोळेही अर्धे उघडे, आणि ते दांड्यात बघत नव्हते. ते त्याच्याकडं बघत होते, अगदी जवळून, जन्मभराच्या ओळखीनं.

धाकट्याच्या मनात आलं, कुणी दमलेला असेल. मनात आलं, प्यायलेला असेल. मनात आलं, पुढचा थांबा आपलाच आहे. हे विचार त्याला सुचावे लागले नाहीत. ते तिथं तयारच होते, कुणीतरी वापरून ठेवलेले, कोमट. आणि त्याच्या घशात जी हाक तयार होती तिच्यावर किळस चढत चढत आली, त्या गार गालाची, त्या ओलसर उघड्या तोंडाची. आता त्यातून काहीतरी खांद्यावर ओघळेल असं वाटलं.

त्यानं खांदा जरासा उचलला.

भार गेला नाही. क्षणभर तो उलट घट्ट झाला, माणूस ओळखीच्याला धरतो तसा.

धाकट्यानं दात आवळले आणि खांदा जोरात झटकला. तेव्हा तो गेला. शेजारच्या मुलीनं समोर बघता बघता आपला खांदा उचलला. तिच्या पलीकडच्यानं त्याचा. पावडरवाल्यानं डोळे मिटलेलेच ठेवून मान कलती केली.

बस थांबली. धाकटा माणसं तुडवत उतरला आणि रस्ता ओलांडेपर्यंत त्यानं मागं बघितलं नाही.

७

घरी वहिनी दारातच उभी होती. त्याचा चेहरा बघून तिला वाटलं, कळलं काहीतरी. तिनं त्याला पाणी दिलं, बसू दिलं, आणि मग विचारलं, "सापडलं का कुणी?"

"नाही."

"कुणीच नाही?"

"गर्दी असते वहिनी," धाकटा म्हणाला. "कोण कुणाकडं बघतो. कुणाला कळलंच नव्हतं."

वहिनीचे खांदे सैल पडले, कितीतरी दिवसांनी. ती म्हणाली, तिला वाटलंच होतं. माणसं इतकीही वाईट नसतात. एवढ्या गर्दीत कळणार तरी कसं, बिचाऱ्यांचा काय दोष.

धाकट्यानं मान हलवली. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. वहिनी समोर होती, म्हणून त्यानं ते गिळलं.